जवळचे नातेवाईक असल्यास

आमच्या मुलुंडच्या वॉर्ड ऑफिसातले हेडक्लार्क दुसऱ्याच्या फॉर्मवर कधी पेन टेकवत नसत. चूक दिसली की चष्मा काढायचे, कोरा फॉर्म पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "ज्याचं त्यानेच लिहायचं असतं रे."

नगरसेवकांची मुदत संपली आणि पालिकेवर प्रशासक आले. त्यांच्या कामासाठी आमच्याकडे वेगळा कक्ष उघडायचा ठरला. परिपत्रकात स्पष्ट होतं, ज्याचा जवळचा नातेवाईक याच वॉर्डात नोकरीला आहे, त्याला कक्षात घेऊ नये. आम्ही सगळ्यांनी फॉर्म भरून दिले. हेडक्लार्कांनी वगळायच्या यादीत पहिलं नाव स्वतःचं टाइप केलं. त्यांची बायको इथल्याच दवाखान्यात आरोग्यसेविका होती.

साहेब वैतागले. "अहो, तुमच्याशिवाय कक्ष चालणार कसा? आणि तुमचं कोण बघतंय?"

"मी बघतोय ना, साहेब."

त्या संध्याकाळी ते माझ्या टेबलापाशी आले. माझा सख्खा मेहुणा याच वॉर्डात मुकादम आहे. त्याच्या लग्नात हेडक्लार्क जेवून गेले होते. तरी मी फॉर्मवर 'नातेवाईक नाही' असं लिहिलं होतं. त्यांनी चष्मा काढला, एक कोरा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. "यादी उद्या सकाळी जाते," एवढंच म्हणाले.

आता ते बदली होऊन कांदिवलीच्या वॉर्ड ऑफिसात असतात. मी प्रशासकांच्या कक्षात बसतो. तो फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, अजून कोराच.