चेहऱ्यावरचा राग

"हे हसत नाहीत, असं कधीपासून वाटतंय?" डॉक्टरांनी माझ्या बायकोला विचारलं.

"लग्नापासून," ती म्हणाली.

डॉक्टर हसले. मीही हसलो, निदान मला तसं वाटलं.

मला कंपवात झाला होता. हात कापू लागायच्या आधीच चेहरा आखडला असणार, असं डॉक्टर म्हणाले. मेंदूच्या पेशींमधलं एक प्रथिन चुकीचं दुमडलं जातं. पेशींना ते बाहेर टाकता येत नाही. त्याच्या गुठळ्या साचत जातात आणि हालचाल सांभाळणाऱ्या पेशी मरतात.

"साफ करता येईल?"

"नाही. औषधाने हालचाल सुधारेल, पण साचलेलं निघणार नाही."

"थोडं तरी?" मी म्हणालो. मंडईत हातगाडीवरून गाळ्यापर्यंत आलो तो पहिला नकार कधीच न मानता. डॉक्टरांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

तरी बाहेर पडताना मला आतून बरं वाटत होतं. मुलगा दिवाळीत भांडून बायको-मुलीला घेऊन कोथरूडला राहायला गेला होता. "तुम्ही पोरीकडे असं बघता की तिला घास गिळत नाही," म्हणाला होता. त्या दिवशी मी तिला एक शब्द बोललो नव्हतो. ती ताटात भाताचा डोंगर रचत होती आणि मी कौतुकाने बघत होतो. मुलाचं ते बोलणं मला फार लागलं होतं. आता माझ्याकडे पुरावा होता.

बायकोला घरी पाठवून तसाच रिक्षा करून कोथरूडला गेलो. चहा नको म्हणालो आणि मुलाला ऐकवलं, "आजार होता तो. मी रागावलोच नव्हतो. आता बोल."

माझा कापणारा हात त्याने दोन्ही हातांत घेतला. त्याचे डोळे भरून आले. मी जिंकायला आलोय, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. मला तो हात सोडवून घ्यावासा वाटला.

"मला आधीच कळायला हवं होतं," तो म्हणाला. "पण बाबा, तुमचा चेहरा वेगळा कधी होता?"

टोमणा असता तर मी तिथेच भांडलो असतो. तो खरंच विचारत होता.

नात दाराआडून बघत होती.

"ये गं," मी म्हणालो. "मी हसतोय."

"मग दात का दिसत नाहीत?"

मी ओठ ताणून पाहिले. ती आईकडे पळाली.