नकाशातले ठिपके

काळ्या मार्करच्या शाईला तिखट, डोक्यात चढणारा वास असतो. एप्रिलमध्ये, नवं शैक्षणिक वर्ष सुरू होताना, तो आमच्या ग्रंथालयात आठवडाभर कोंडून राहतो. एका बाजूला भारतातून आलेल्या पुस्तकांचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला इथल्या सरकारकडून आलेली यादी: अमुक पान, अमुक ओळीपासून अमुक ओळीपर्यंत. कुवेतमधल्या या भारतीय शाळेचं ग्रंथालय मी नऊ वर्षं सांभाळते आहे, आणि दर एप्रिलमध्ये मी ओळी काळ्या करते. त्या ओळी काय सांगतात हे वाचायचं मी केव्हाच सोडून दिलं. वाचलं की हात हलतो.

मार्करची खोकी आणून देणारे भांडारातले चाचा रत्नागिरीकडचे. गेल्या एप्रिलमध्ये ते माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाले, "मॅडम, काय साफ हात आहे तुमचा! राई भागातल्या गॅरेजात चला गाड्या रंगवायला. इथे पुस्तकं रंगवून काय करता?"

मी हसले. बोटांवरची शाई मात्र दोन दिवस गेली नाही, आणि तीच आमच्या वरच्या मजल्यावरच्या जपानी शेजारणीला दिसली.

फिंतासच्या आमच्या इमारतीत ती चार वर्षांपासून राहते. तिचे यजमान आणि माझे, दोघेही मीना अब्दुल्ला बंदरावरच्या रिफायनरीत. आमची ओळख लिफ्टमध्ये झाली आणि मोडक्या इंग्रजीवर वाढली. शुक्रवारी दुपारी मी तिच्याकडे जाते. ती भाजलेल्या जवाचा थंड चहा करते, ज्याला आपल्याकडच्या सातूच्या पिठासारखा खरपूस वास येतो. पुस्तकांशी संबंध आहे म्हणून ती मला 'सेन्सेई' म्हणते, म्हणजे गुरुजी. मी फक्त कपाटं सांभाळते, असं कितीदा सांगितलं तरी ऐकत नाही. या परमुलखात मन मोकळं करावं असं मला एवढं एकच घर आहे.

माझी बोटं बघून तिने विचारलं, मी सांगितलं. ती आत गेली आणि रेशमी रुमालात गुंडाळलेलं एक पुस्तक घेऊन आली.

तिच्या आईचं पुस्तक. आई आता नव्वदीत आहे, वृद्धाश्रमात असते, बरंच विसरते. जपान युद्ध हरलं त्या वर्षी ती दहा वर्षांची होती. हरल्यानंतर शाळा पुन्हा भरली तेव्हा गुरुजींनी मुलांना दौत आणि कुंचला काढायला सांगितला आणि पान नि ओळ सांगत गेले. मुलं आपापल्या पुस्तकातल्या ओळी काळ्या करत गेली. त्याच गुरुजींनी उन्हाळ्याआधी त्याच ओळी पाठ करून घेतल्या होत्या.

मी पान उघडलं. इतक्या वर्षांनंतरही शाईला कापराचा पुसट वास होता. कडा सरळ, कोपरे भरलेले, एक थेंब बाहेर नाही. मला तो हात ओळखू आला.

"आईला विचारलं, खाली काय होतं," शेजारीण म्हणाली. "ती म्हणते, आठवत नाही. एवढंच आठवतं की वर्गात सगळ्यांत नीट तिने केलं, आणि गुरुजींनी शाबासकी दिली."

"आणि तुमच्या वेळी?"

"आमच्या वेळी काळं करायला काही नव्हतं, सेन्सेई. आमच्या बाई फार सावकाश शिकवायच्या. राजे, किल्ले, चहाचे समारंभ. युद्धाच्या धड्यापर्यंत पोचायच्या आत मार्च यायचा आणि वर्ष संपायचं." ती हसली, पण डोळे पुस्तकावरच होते. "दरवर्षी. किती बरोब्बर वेळ जमवायच्या!"

म्हणून आता ती लेकीला स्वतः शिकवते. मुलगी चौदा वर्षांची, इथल्या इंग्रजी शाळेत जाते. पण जपानहून तिच्यासाठी पाठ्यपुस्तकं येतात. शेजारणीने त्यातला युद्धाचा धडा मला दाखवला. गुळगुळीत, नवा कागद, कुठेही डाग नाही. जळालेल्या शहराचं मोठं छायाचित्र. "आमच्यावर आलेलं पुष्कळ आहे," ती म्हणाली. "आम्ही दुसऱ्यांवर आणलेलं थोडं आहे. ते वाढवून शिकवायचं, तर मलाच कुणी शिकवलेलं नाही." शेजारच्या पानावर नकाशा होता: जपानी सैन्य कुठवर पोचलं ते दाखवणारी तुटक लाल रेघ. बंगालच्या उपसागरात, रेघेच्या आत, नाव नसलेले तीन बारीक ठिपके.

त्या ठिपक्यांत माझ्या आजीचा थोरला भाऊ आहे.

त्या दिवशी मी बोलले नाही. बोलले असते तर तिच्या टेबलाशी परत बसता आलं असतं का, कोण जाणे. खाली आले आणि माझ्या लेकीचं इतिहासाचं पुस्तक शोधलं. त्यात अंदमान होतं: कारागृह होतं, कोठड्या होत्या, फडकलेला झेंडा होता. जपान्यांच्या ताब्यातल्या वर्षांत तिथल्या माणसांचं काय झालं, ते नव्हतं. तिथे तर कुणी मार्करही फिरवलेला नव्हता.

"आई, इट्स नॉट इन द सिलॅबस," लेक म्हणाली. "रिलॅक्स."

आमच्या घराच्या सिलॅबसमध्ये तरी कुठे होता तो? आजोबा त्या झेंड्यासाठी जीव टाकणारे. त्या झेंड्याच्या जपानी दोस्तांनी आपल्या मेव्हण्याला मारलं, हे त्यांच्या देखत कुणी म्हणायचं नाही. आजी त्याच्याविषयी बोलायची ती तांदूळ निवडताना, मान खाली घालून, 'आमचा दादा' एवढंच. थोरल्या भावाचं नाव घ्यायची तिच्या माहेरी रीत नव्हती. माझी आई 'अंदमानवाले मामा' म्हणायची. तिने त्यांना पाहिलेलंही नव्हतं. दोघीही आता नाहीत.

पुढचा शुक्रवार मी टाळला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी बाहेर धुळीचं वादळ होतं, खिडक्यांच्या फटींतून पिवळी माती आत झिरपत होती. मी जिना चढून गेले. बसायच्या आधीच सांगून टाकलं. बसल्यावर धीर झाला नसता.

शेजारणीने किटली खाली ठेवली. मला वाटलं, संपलं. मग तिने आतल्या खोलीकडे तोंड करून जपानीत हाक मारली. मुलगी आली, कानातली वायर काढत, कंटाळलेली. आईने तिच्यासमोर तो नकाशा उघडला, हातात पेन्सिल दिली आणि मला म्हणाली, "सेन्सेई, पुन्हा सांगा. हिला."

मी सांगितलं. पोर्ट ब्लेअरच्या सरकारी इस्पितळात कंपाउंडर होता. आजी म्हणायची, सुट्टीवर यायचा तेव्हा त्याच्या सदऱ्याला टिंक्चर आयोडीनचा वास यायचा. दिव्याने इंग्रजांच्या बोटींना खुणा करतो असा आळ घेऊन एका सकाळी त्याला नेलं. युद्धानंतर परतलेल्या एका माणसाने आजीच्या वडिलांना सांगितलं की त्याने त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा हातांना नखं नव्हती. त्यानंतर कुणीच पाहिलं नाही.

"हे पुस्तकात नाही," मुलगी हळूच म्हणाली.

"म्हणूनच लिही," तिची आई म्हणाली.

मुलीने समासात लिहायला सुरुवात केली, त्या तीन ठिपक्यांच्या शेजारी, वरून खाली. खिडकीवर वाळू खरखरत होती आणि कागदावर पेन्सिल. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा त्याच्याविषयी कुणीतरी काही लिहून ठेवत होतं. एक ओळ झाली. दुसरीच्या माथ्याशी तिने जागा मोकळी सोडली, पेन्सिल तिथे टेकवली, मान वर केली आणि मला विचारलं:

"नाव?"