फाइल जाऊन राहिली

"कोणी व्हिडिओ पाहू नका गा, फाइल जाऊन राहिली!" असं जिन्यात उभं राहून ओरडणारा माणूस तुमच्या इमारतीत नसेल, तर तुम्ही सुखी आहात. आमच्या जरीपटक्यातल्या इमारतीत होता, सगळ्यांचे काका. चष्मा कपाळावर आणि आवाज तिसऱ्या मजल्यापासून पार्किंगपर्यंत. त्यांची फाइल त्यांच्या स्वतःच्या वाय-फायवरून जायची. आमच्या व्हिडिओंचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण हे त्यांना सांगायची कोणाची टाप नव्हती.

काका कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. गुडघे गेले आणि गच्चीवरच्या टाकीची शिडी बंद झाली, तशी त्यांनी टाकीपाशी काड्यापेटीएवढा वाय-फायचा बोर्ड बसवून घेतला. नळाला पाणी सकाळी सहाला यायचं. बोर्ड खाली पार्किंगमधली मोटर सुरू करी, टाकी भरली की बंद करी. काही बदल करायचा तर काका पलंगावर बसून लॅपटॉपवर प्रोग्रामची फाइल लिहीत आणि हवेतूनच वर धाडून देत. "आता पाय कायले पायजे?" म्हणत.

नोकरी सुटली तरी तिथली शिस्त सुटली नव्हती. केंद्रात मशीनला हात लावण्याआधी परमिट घ्यावं लागे. म्हणून फाइल पाठवण्याआधी ते माझ्याकडे, म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, छापील परमिट घेऊन येत. कोणती फाइल, कशासाठी, किती वाजता.

"सही कर. मोटर सुरू झाली अन् कोणाचा हात तिथं असला तं?"

मोटरीकडे इमारतीतलं कोणी ढुंकूनही बघत नसे. मी मुकाट सही करी. एकदा फाइलमधला एक स्वल्पविराम बदलायचा होता. त्याचंही परमिट माझ्या कपाटात आहे.

आमच्या अध्यक्षांना हे सगळं खुपायचं. त्यांच्या साडूचं तयार पंप-कंट्रोलरचं दुकान होतं, हा निव्वळ योगायोग. एप्रिलच्या मीटिंगमध्ये त्यांनी जाहीर केलं, "हे मशीन एकदा बी बंद पडलं, तं काढून टाकू."

मीटिंगनंतर काका जिना चढताना कठड्याला धरून थांबले आणि मला म्हणाले, "तेवढंच तं काम होते गा माह्याकडून आता." मला फार वाईट वाटलं.

मे महिन्यात ते बंद पडलंच. भाडेकरू आपलं वाय-फाय फुकट वापरतात असा काकांना संशय आला आणि त्यांनी राउटरचा पासवर्ड बदलला. बोर्डाला जुनाच ठाऊक. नवा पासवर्ड त्याला कळवायचा तर फाइल पाठवायला हवी, फाइल जायला वाय-फाय हवं, आणि वाय-फायवर तर बोर्ड येईना. घड्याळही तो तिथूनच लावून घ्यायचा, त्यामुळे सहा वाजले हेच त्याला समजलं नाही. टाकीत आदल्या दिवशीचं पाणी होतं म्हणून बोभाटा झाला नाही, इतकंच.

"पासवर्ड बदलायचं परमिट घेतलं होतं का?" मी विचारलं.

"राउटर घरातलं आहे ना," काका खाली बघत म्हणाले. "घरच्या कामाले कायचं परमिट?"

आता केबल घेऊन टाकीवर चढण्यावाचून इलाज नव्हता. काका निघाले, तशा काकू दारात आडव्या झाल्या. "काहून चढता? पडले तं मी कोणाले पाहू?"

मग मी चढलो. अकराचं ऊन, डोक्याला दुपट्टा, काखेत लॅपटॉप, दातांत केबल. खाली गच्चीवर काका छत्री धरून उभे. "हळू गा! किती टक्के झाली?" "साठ!" "हलू नको मंग, तसाच राह्य!" तेवढ्यात अध्यक्ष वर आले. "बंद पडलं काय जी?"

"नाही," मी वरून सांगितलं, "सर्व्हिसिंग आहे." इतकं सरळ खोटं मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. काकांनी छत्री तोंडासमोर धरली आणि बराच वेळ ती खाली घेतली नाही.

दिवाळीनंतर काका गेले. आठवडाभर बसल्या जागी दम लागत होता, मग एका दुपारी गेलेच.

पुढे नळाची वेळ सहाची साडेपाच झाली. काकूंनी त्यांचा लॅपटॉप मला आणून दिला. "तूच पाठव आता, बाप्पा." मी फाइल उघडली. एक वेळ तेवढी बदलायची होती. बोर्ड दिसत होता, पासवर्ड माहीत होता, पाठवायचं बटण समोर होतं. पण नवी फाइल गेली की बोर्डावरची जुनी पुसली जाते. त्यांच्या हातची शेवटची. माझ्याच्यानं ते बटण दाबवलं नाही.

तेव्हापासून रोज साडेपाचला मी चपला हातात घेऊन पार्किंगमध्ये उतरतो आणि मोटर हातानेच सुरू करतो. काकूंना ते पहिल्याच दिवशी कळलं. दुसऱ्या दिवसापासून जिन्यातला दिवा माझ्याआधी लागलेला असतो.

परवाच्या मीटिंगमध्ये अध्यक्ष म्हणाले, "मानलं पाहिजे. नळाची वेळ बदलली, तं मशीननं आपली आपण बदलून घेतली!" मशीन आहे तसंच ठेवावं, असा ठराव त्यांनी स्वतः मांडला. अनुमोदन काकूंनी दिलं.