गावात नसलेला डुरक्या

ये गं पल्लवी, जवळ बस. कागदावर का होईना, बस. साक्षरता वर्गात गिरवलेल्या मोडक्यातोडक्या अक्षरांत मीच लिहितेय. लातूरला जिवांचे वर्ग अन् गट शिकायला गेलीस, तर मावशीला विसरलीस व्हय? तुझी आई सांगत होती, मैत्रिणींना तू अभिमानानं सांगतीस — आमच्या मावशीनं गावची जैवविविधता नोंदवही सांगून लिहवली, शाळा न शिकता. नको सांगत जाऊ. का नको, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुझ्या काकांनाही नाही.

कॉलेजची माणसं पंचायतीत बसायची. झाडं, गवतं, पाखरं, साप — ज्याचं त्याचं पान वेगळं. मी सांगायची, ती लिहायची. लई तोरा होता मला. पण सांगायची ते कुणाचं? निम्मं नूरजहाँचं. गल्लीच्या टोकाला राहते ती, शेळ्यांमागं सगळं रान पायाखालचं. शेळी कोणतं गवत सोडते, बोरीवर कुठलं पाखरू बसतं — ती सहज बोलायची, मी पानावर चढवायची. तिचं नाव कधी घेतलं नाही.

तर एकदा आमच्या कडब्याच्या गंजीखाली साप निघाला. जाड, आखूड, अंगावर तपकिरी डाग. मी ओरडले, "घोणस हाय, लांब व्हा." माणसं काठ्या घेऊन आली. नूरजहाँ तिथनंच चाललेली. वाकून बघितलं तिनं.

"जिजी, डुरक्या हाय ह्यो. इखारी न्हाय. शेपूट बघा की, कसं बोथट हाय. जाऊ द्या, उंदरं खातोय बिचारा."

मी शेपूट बघितलं. घोणशीचं निमुळतं असतं, अन् डाग साखळीसारखे ओळीत. ह्याचे वेडेवाकडे. तिचं खरं होतं — मला तेव्हाच कळलं, नंतर नाही. काठ्या थांबलेल्या. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. एक शब्द पुरला असता.

मी म्हणाले, "तू शेळ्या राख. नोंदवही कोण सांगतंय, तू का मी?"

सगळे हसले. साप ठेचला.

तिथंच थांबले असते तर — पण नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या बाईंनी विचारलं, डुरक्या घोणस — म्हणजे डुरक्याच, नावालाच घोणस — आढळते का इथं? मी म्हणाले, "आमच्यात न्हाय." पानावर डुरक्या आला असता, तर कालचा साप कोणता, असं कुणीतरी विचारलं असतं ना? स्वतःचा तोरा राखायला मी सापाची एक अख्खी जात गावातनं पुसली.

तेव्हापासनं डाग दिसला की काठी. आता उंदरांनी बांध पोखरलेत, हरभऱ्याचे घाटे बिळात. लोक औषध टाकतात. ते खाल्लेले उंदीर खाऊन पिंगळे, ती बारकी घुबडं, मरतात. एक माझ्याच अंगणात पडला होता. सगळं माझ्यामुळं झालं म्हणण्याइतकी मी शहाणी नाही. माझा हात नाही, असंही म्हणवत नाही.

अन् नूरजहाँ? तिला 'सापाची डाक्टरीण' म्हणून चिडवायला लागले. पुढच्या शिवारफेरीला कॉलेजवाल्यांनी बोलावलं, तर म्हणाली, "मला काय कळतंय, जिजीला विचारा." रागानं नाही गं — खरंच तसं वाटत असल्यागत. स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा गेला तिचा. तो मी घालवला. ईदला शीरखुर्मा अजून धाडते ती. मी खाते.

भ्याले म्हणू? साप बिनविषारी होता. अडाणी होते म्हणू? मला ठाऊक होतं.

सुट्टी लागली की लवकर ये. भूमहून एसटी आपल्या फाट्यावर थांबते. वही-पेन घेऊन ये, अन् आधी नूरजहाँच्या दारात जा. माझ्याकडं मागनं आलीस तरी चालेल.