शनिवारचा डबा

शिवाप्पा वकील आमच्याकडे चहाला आले की आधी कप उचलून त्याचं बूड बघायचे, मग आईकडे बघायचे आणि मगच घोट घ्यायचे. नवी पेठेत दुकानदारानं मोजून दिलेलं कापड ते हातानं पुन्हा मोजायचे. आम्ही बहिणी हसू दाबायचो. त्यांचं एकच पालुपद होतं, "सांगितलेलं ऐकू नका. दाखवा म्हणा की."

एकदा रेडिओवर मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर भाषण लागलं होतं. इतक्या देशांनी तो मान्य केला, हे ऐकून वडील खूश झाले. वकील म्हणाले, "मान्य करायला काय जातंय, मास्तर? एकानं माणसं कोंडली तर दुसरा देश दारात जाऊन विचारतो का? घरचा मामला म्हणून सगळे गप्प. उद्या आपल्यालाबी कुणी विचारू नये म्हणून." मला हा माणूस नुसता कडवट वाटायचा.

मग आणीबाणी आली. समोरचा नरसय्या यंत्रमागावर कामाला होता. कामगारांच्या सभेत तो चार शब्द बोलला आणि पोलिसांनी त्याला चौकीवर नेलं. त्याचं बोलणं तिथवर कुणी पोचवलं ते कळेना, त्यामुळे बोळात जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेनं बघू लागला. नरसय्याची भेट कुणालाच मिळत नव्हती. त्याची बायको लक्ष्मी रोज डबा न्यायची. शिपाई तो आत घेऊन जायचा, रिकामा आणून द्यायचा आणि "जेवला" म्हणायचा. तेवढ्यावर आम्हाला बरं वाटायचं. वकिलांना वाटत नव्हतं.

शुक्रवारी ते लक्ष्मीला म्हणाले, "उद्याबी डबा ने."

"शनिवारी कसं, अप्पा? वेंकटरमणाचा उपवास असतो त्यांचा. तापातसुद्धा मोडला नाही कधी."

"म्हणूनच ने म्हणतोय."

शनिवारचा डबा चाटूनपुसून रिकामा परत आला. "जेवला," शिपाई म्हणाला. लक्ष्मीनं घरी येऊन तो वकिलांपुढे उघडून धरला.

वकिलांनी काळा कोट चढवला आणि आमच्या दारात आले. "मास्तर, चला."

वडिलांचा चेहरा उतरला. "सरकारी मामला आहे, वकीलसाहेब. माझी नोकरी आहे."

"जाहीरनामा तर लई आवडला होता की तुमाला."

वडील चपला शोधू लागले. ते निघालेले बघून आणखी पाचसहा घरांतली माणसं बाहेर पडली. चौकीत वकिलांनी आवाज चढवला नाही. "माणूस दाखवा," एवढंच ते म्हणत राहिले. शेवटी संध्याकाळी फौजदारानं कबूल केलं की नरसय्या दवाखान्यात आहे. मारानं त्याचा हात मोडला होता. वकील खाटेशी उभे राहिले ते त्यानं डोळे उघडेपर्यंत.

नरसय्या वाचला, पण हात वाकडाच राहिला आणि माग सुटला. त्या कडवट माणसावर माझा जीव जडला तो तेव्हापासून.

पुढे वकील बार्शीला लेकीकडे गेले होते, तिथून ते वारल्याचा निरोप आला. नरसय्या ऐकेचना. लेकीनंच निरोप धाडलाय, असं सगळ्यांनी त्याला परोपरीनं समजावलं.

"असू दे," तो म्हणाला. "मी जेवलो म्हणून शिपायानं सांगितलं, तेव्हा अप्पांनी मानलं का?"

आणि वाकडा हात छातीशी धरून तो बार्शीच्या एस्टीत चढला.