डबल बेल

शकूमावशींच्या दारावर दोनदा ठोठावायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात आम्ही नवीन राहायला आलो, त्या आठवड्यात शेजारधर्म म्हणून वाटीभर शेंगाचटणी घेऊन मी त्यांच्याकडे गेले आणि चार माणसं वाजवतात तसं दार दोनदा वाजवलं. आतून काहीतरी जड धाडकन दारावर येऊन आदळलं, घराच्या मागच्या बाजूने दुसरं भुंकणं उठलं, आणि त्या दोन्हींच्या वर एक खणखणीत आवाज आला, "कुनी मारली गं डबल बेल? हितं काय गाडी सोडायचीय व्हय?"

दार वीतभर उघडलं. पांढरे केस, कमरेला खोचलेला पदर आणि मनगटापासून कोपरापर्यंत गेलेला एक जुना व्रण, एवढंच मला दिसलं. त्या हाताने वाटी आत ओढून घेतली, "थांब जरा" म्हटलं आणि दार लावलं. मी उन्हात उभी. आतून लाकडावर एक ठोका ऐकू आला, मग दारं उघडल्या-लावल्याचे आवाज, मग कडी, मग दोन ठोके. नखांची खरखर आतल्या खोलीत गेली. मग दार सताड उघडून मावशी हसत म्हणाल्या, "ये आत. आता हितं कोन न्हाय."

त्या घरात दोन कुत्र्या होत्या आणि त्यांचं एकमेकींशी पटत नव्हतं. पटत नव्हतं म्हणजे समोरासमोर आल्या तर एकीचा जीव गेला असता. त्यामुळे एक पुढच्या खोलीत, दुसरी मागच्या अंगणात, मधल्या दाराला कडी. दुपारी पाळी बदलायची. मावशी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त झाल्या होत्या. पाळ्या बदलण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. पण ही दारांची शिस्त त्यांची नव्हती, त्यांच्या यजमानांची होती. अण्णा एसटीत कंडक्टर. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चला, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. कुणीही कुठलंही दार उघडण्याआधी ठोका द्यायचा. एक ठोका: आहेस तिथं थांब. दोन: ये. आधी हे नवराबायकोपुरतं होतं. कुत्र्या ऐकून ऐकून शिकल्या. बाहेरून येणाऱ्याने चुकून डबल बेल मारू नये म्हणून अण्णांनी फाटकालाच एक पितळी घंटी टांगली होती, ती माझ्या लक्षातच आली नव्हती.

थोरली काशी. करकंबला मुक्कामी गाडीखाली पिल्लू कुडकुडत बसलं होतं, ते अण्णांनी पिशवीतून आणलं. ती तीन वर्षांची झाल्यावर तिला सोबत आणायचं ठरलं. मावशींच्या माहेरी, वैरागला, भावाच्या मळ्यात कुत्री व्यायली होती. दोन पिल्लं उरलेली, एक नर, एक मादी. अण्णा म्हणाले, घरात मादी आहे, तर नर घेऊ. मावशींनी मोडता घातला. नर मोठा झाला की दिसेल तिथे पाय वर करणार, आणि दारात तुळस. "तुळशीला मी सकाळी पानी घालायचं आन् त्यानं दुपारी? न्हाय जमायचं." म्हणून मादी आली. तिचं नाव बिजली. पहिल्याच आठवड्यात बिजलीने वृंदावनातली तुळस मुळापासून उकरून काढली आणि त्या गार मातीत मुटकुळं करून झोपली.

ही गोष्ट मावशी स्वतःच सांगायच्या, आणि सांगताना हसायच्याही. हसून झाल्यावर मात्र त्यांचा चेहरा दमलेला दिसायचा. कारण पुढची गोष्ट हसण्यासारखी नव्हती. बिजली वयात आली आणि काशीला ती खपेना. एका दुपारी कडक भाकरीच्या तुकड्यावरून जुंपली. मावशींनी मध्ये हात घातला. ज्या दवाखान्यात त्या दुसऱ्यांना धीर द्यायच्या तिथेच त्यांना टाके पडले. जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं म्हणून दोघींचं ऑपरेशन केलं. काही उपयोग झाला नाही. "पिशवी काढली गं दोघींची," मावशी म्हणायच्या, "पन मनातलं कोन काढनार?"

मग, आम्ही यायच्या आधीच, अण्णा गेले, आणि दोन माणसांची शिस्त एका माणसावर आली. ते मी रोज बघत होते. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि येतं तेव्हा कुणाची वाट बघत नाही. नळ पुढे, हौद मागे. मावशी एक ठोका द्यायच्या, काशीला बाजूच्या बोळातून मागे न्यायच्या, बिजलीला पुढे घ्यायच्या, पाइप ओढायच्या, तोवर हौद भरून वाहायचा, पुन्हा उलटं. नातीच्या बारशाला त्या पुण्याला गेल्या नाहीत. दारं कुणाच्या हवाली करणार? बाकीची माणसं भेटल्यावर "काय म्हणताय" म्हणतात, मावशी "दमले गं बाई" म्हणायच्या. त्यात तक्रार नसायची, बातमी असायची.

सल्ला सगळ्यांकडे तयार होता. एकीला कुणालातरी देऊन टाका. दूधवाला म्हणाला, वाण्याची बायको म्हणाली, मीही एकदा म्हणाले. मावशींनी पोळपाटावरून मान वर न करता विचारलं, "कंचीला देऊ? जिला दिऊन टाकीन तिनं माजं काय वाकडं केलंय?" थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "चूक माजी हाय. तुळशीपायी झाली. त्या दोघींनी कशाला भोगायची?"

आमच्याकडे तेव्हा सोनी ही एकटीच कुत्री होती. माझी मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि सोनीने खाणं टाकलं. तिला सोबत आणावी असं ठरलं. समोरच्या बांधकामावर वॉचमनकडे दोन पिल्लं उरली होती, एक तपकिरी नर, एक काळीपांढरी मादी. नवरा म्हणाला मादी घे, मादी घर सोडून जात नाही. फोनवरून मुलगी म्हणाली मादीच घे, तिला कुणी घेत नाही बिचारीला. मला दोघांचंही पटत होतं. मी मावशींकडे गेले. यावेळी घंटी वाजवून.

"कुत्रा घेऊ का कुत्री?" मी विचारलं.

मावशी पदराला हात पुसत तशाच माझ्यासोबत निघाल्या. मला वाटलं, पिल्लं बघायला. त्या थेट आमच्या घरात आल्या, जमिनीवर बसल्या आणि सोनीकडे बघत राहिल्या. सोनी आधी गुरगुरली, मग वास घेऊन बाजूला झाली. त्यांनी तिच्या वाटीला हात लावून बघितला. सोनीने दात दाखवले.

"पिल्लू कशाला बगतीस? पिल्लू सगळंच ग्वाड असतंय," त्या म्हणाल्या. "आदी घरातलीला इचार. ही मालकीन हाय. हिला दुसरी मालकीन नको हाय. नर घे, आन् टायमात खच्ची करून आन."

"आणि तुळस?"

"तुळस गच्चीत ने की. तुळशीला पाय न्हाईत, तिला कुटंबी ठेव." मग उठता उठता गुडघ्यावर हात देऊन म्हणाल्या, "दोन बायका एका चुलीपाशी नांदत न्हाईत म्हनतात. खोटं हाय. बायका नांदत्यात, मन मारून नांदत्यात. कुत्रीला मन मारता येत न्हाई."

आम्ही नर आणला. त्याचं नाव गुंड्या. सोनीने त्याला दोन दिवस दटावून बघितलं आणि मग त्याच्या पाठीवर डोकं टेकून झोपायला लागली. मादीचं काय झालं म्हणून मावशी वॉचमनला रोज विचारत होत्या. मोहोळकडचा एक शेतकरी तिला घेऊन गेला तेव्हाच त्यांना चैन पडली. आमचं घर सुखात होतं, आणि मला मात्र मावशींकडे बघवत नव्हतं. कारण आमच्याकडे एका कुत्र्याची जागा होती, तिथे आपली एक कुत्री सरकवण्याऐवजी ती त्यांनी प्रामाणिकपणे सल्ला देऊन भरून टाकली होती.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना दम लागायला लागला. हृदय मोठं झालंय, डॉक्टर म्हणाले, एकटं राहायचं नाही. अभय, त्यांचा मुलगा, पुण्याहून आला. चांगला मुलगा. हात जोडून म्हणाला, आई, चल. फ्लॅट लहान आहे, मधलं दार, अंगण काही नाही; एक कुत्री नेता येईल, दोन नाही. मावशी म्हणाल्या, बघू. त्या बघत राहिल्या. अभय तीनदा आला आणि तीनदा एकटाच गेला.

एक दिवस भाजी निवडताना त्या आपणहून बोलल्या. काशी म्हातारी झाली होती, डोळ्यांत मोतीबिंदू, मागचे पाय ओढायची. मावशी तिला सकाळ-संध्याकाळ गुळात घालून औषध द्यायच्या. "काशी गेली की बिजलीला घिऊन मी मोकळी," त्या म्हणाल्या. "रोज तिला औशद देते. देते आन् मनात म्हनते, जा की गं बाई आता. आन् सांजच्याला पुन्यांदा औशद देते." त्यांचे डोळे कोरडे होते. मी मेथीची जुडी सोडवत राहिले. एवढा थकवा मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकायची माझी इच्छा नाही.

काशी गेली नाही. मावशीच दवाखान्यात गेल्या. त्या दिवसांत दारं मी सांभाळली. एक ठोका दिला की दोघी जिथे असतील तिथे बसायच्या. दोन दिले की त्या दाराआडची यायची. जमलं सगळं, पण संध्याकाळी मी न जेवताच आडवी व्हायचे, आणि हे मावशी इतकी वर्षं करत होत्या.

भेटायला गेले तर नाकात नळी, आणि पहिला प्रश्न, "पुडं कोन हाय?"

"काशी."

"मंग दुपारी बदल." दम घेऊन म्हणाल्या, "अभय काशीला नेनार म्हनतोय. म्हातारी हाय, पडून ऱ्हाईल. बिजलीचं..." आणि थांबल्या. मावशींचं वाक्य अर्धवट राहिलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"बिजली माझ्याकडं," मी म्हणाले.

मला वाटलं, त्या हात धरतील. त्या चिडल्या. "तुला काय सांगितलं हुतं मी? दोन माद्या एका घरात नकोत म्हनून? कान हायेत का न्हाईत तुला? जलमभर दारं लावत बसशील." खोकल्याची उबळ आली, मी पाणी दिलं. उबळ गेल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग विचारलं, "मदलं दार हाय का तुज्या घराला?"

"आहे."

"कडी?"

"एकीकडून आहे."

"दोनीकडनं बसव." त्यांनी डोळे मिटले. "सुताराकडनं बसवून घे. यजमानाच्या हातात काम देऊ नको."

त्याच आठवड्यात त्या गेल्या. कडी मी सुताराकडून बसवून घेतली.

काशी पुण्याला आहे. अभय फोनवर सांगतो, दिवसभर झोपून असते, फक्त दुपारी उठून बाल्कनीच्या दारापाशी जाऊन उभी राहते. तिला कुठे जायचंय ते त्यांना कळत नाही. मी त्याला पाळीचं सांगितलं, तेव्हापासून तो रोज दुपारी तिला उचलून दुसऱ्या खोलीत नेतो.

बिजली आणि सोनीचं मावशींनी सांगितल्याप्रमाणेच झालं. एकदा जुंपली, सोनीचा कान फाटला, आणि आमच्या घराची दारं लागली. गुंड्या तेवढा बिनतिकिटाचा दोन्हीकडे फिरतो; त्याला कुणीच काही म्हणत नाही. तुळस गच्चीत आहे. नवरा आधी कुरकुरला, आता मुकाट्याने ठोके देतो. मी बहिणीकडे दोन दिवस राहायला गेलेली नाही, त्याला बरेच महिने झाले. सुखाचा संसार हाताने मोडून घेतला, असं माझी आई म्हणते. 

परवा दुपारी नवरा सोनीला लस टोचायला घेऊन गेला. गुंड्या त्यांच्यामागे फाटकापर्यंत धावला आणि तिथेच बसून राहिला. घरात मी आणि मागच्या बाजूला बिजली. त्या दुपारी पाळी नाही, कडी नाही. मी मधलं दार सताड उघडलं आणि स्वयंपाकघरात दाराजवळ जमिनीवर बसले. बिजली उंबऱ्यापाशी येऊन बसली. आत येईना. ये म्हटलं, चुटकी वाजवली, भाकरीचा तुकडा दाखवला. ती नुसती उघड्या दाराकडे बघत होती.

"दमले गं बाई," मी म्हणाले. मग हात लांब करून दाराच्या फळीवर दोन ठोके दिले.

बिजली लगेच उठली आणि आत आली. तिने भाकरी हुंगली नाही, माझ्याकडेही बघितलं नाही. माझ्यामागे मावशी उभ्या आहेत का, ते ती बघत राहिली.