रस्ता मागायला लाजणारा साहेब

बैलाला ‘कृपया’ म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्याच वाडीत, पंपाजवळच्या खोलीत भाड्याने राहत होता. तो डेन्मार्कचा. डेन्मार्क नक्की कुठे हे आमच्या आगाशीत कोणालाच ठाऊक नव्हतं; ते डहाणूच्या पुढे कुठेतरी असावं, असं बाजारातलं सर्वमान्य मत होतं. स्वातंत्र्य मिळाल्यावर गोरे लोक बोटी भरभरून परत चालले होते, त्या दिवसांत हा उलटा इकडे आला. कारण काय, तर सुकेळी. आमच्याकडे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, ती मधासारखी गोड होतात, तीच ही सुकेळी. मुंबईत कोणाच्या तरी घरी त्याने एक सुकेळं खाल्लं आणि हे फळ आपल्या देशबांधवांच्या तोंडी घातल्याशिवाय मरायचं नाही, असं ठरवलं. एवढ्याशा कारणासाठी माणूस देश सोडतो यावर आमच्या काकांचा विश्वास नव्हता. “तिकडे काहीतरी भानगड करून आलाय,” असं ते म्हणत. पुढे त्याला जवळून पाहिल्यावर त्यांनी मत बदललं. म्हणाले, “याच्या हातून भानगडसुद्धा व्हायची नाही.”

साहेबाची सभ्यता हा एक आजारच होता. तो ताडासारखा उंच आणि आमच्या दारांच्या चौकटी पूर्वजांच्या मापाच्या, त्यामुळे दिवसातून निदान एकदा कपाळमोक्ष ठरलेला. आणि आपटल्यावर कपाळ चोळायच्या आधी तो चौकटीची माफी मागे. विहिरीवर बायकांची गर्दी असली की हा बालदी घेऊन शेवटी उभा राही, नंतर आलेल्या बाईला पुढे जाऊ देई, तिच्यानंतर आलेलीलाही पुढे जाऊ देई, आणि दुपारी रिकामी बालदी घेऊन परत येई. शेवटी बायकांनीच वैतागून त्याला दम दिला की साहेबाने सकाळी सगळ्यात आधी पाणी भरावं आणि आमच्या नजरेसमोरून नाहीसं व्हावं. जेवायला बसला की मग तर विचारूच नका. आमच्या घरी ‘नको’ या शब्दाला किंमत नव्हती. चार वेळा नको म्हटल्याशिवाय काकूचा डाव थांबत नसे. साहेब बिचारा एकदाच नको म्हणे, पानात पडेल ते यजमानाचा हुकूम समजून संपवी, आणि मग खोलीपर्यंत भिंतीला धरून जाई.

मराठी तो काकूकडून शिकला आणि त्यातून नको ते घोटाळे झाले. काकू म्हणे “मी आले, मी दमले”, म्हणून सहा फुटांच्या वर वाढलेला हा बाप्याही म्हणे, “मी आले, मी फार दमले.” काकू काकांना ‘अहो’ म्हणून हाक मारी, म्हणून काकांचं नावच ‘अहो’ आहे असा त्याचा समज. भर बाजारात मासळीवालीशी घासाघीस करणाऱ्या काकांना पाठीमागून हाक येई, “अहो, घरी चला ना.” काकांचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा होई. मी एकदा साहेबाला समजावून सांगायला निघालो तर काकूने मला दटावलं. “राहू दे. त्यांना कोणीतरी प्रेमाने बोलावतंय, तुझं काय जातं?”

काका म्हणजे साहेबाचं दुसरं टोक. एका वाडीत उभे राहून तिसऱ्या वाडीतल्या माणसाशी बोलायची त्यांना सवय, त्यामुळे समोरासमोरची कुजबुजही अर्ध्या गावाला ऐकू जाई. साहेबाशी त्यांचं दिवसाकाठी एक तरी भांडण ठरलेलं. केळी किती वाळवावी, कुत्र्याला घरात घ्यावं की नाही, उद्या ढग येतील की नाही, काहीही विषय चाले. भांडण म्हणजे काका बोलत आणि साहेब मान डोलवी. “हा माणूस भांडतसुद्धा नाही धड,” असं म्हणत काका रागारागाने घरात येत आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा त्याच्याच खोलीपुढे जाऊन खाकरत.

तर या साहेबाने लढाईतून उरलेली एक जीप विकत घेतली. वाड्यांवाड्यांतून सुकेळी गोळा करायची, केळीच्या सोपात, म्हणजे वाळलेल्या सालपटात, बांधायची आणि विरार स्टेशनवर न्यायची, एवढं तिचं काम. विरारचा एक ड्रायव्हर ठेवला होता, तो ऐन चैत्रात एस.टी.त नोकरी मिळाली म्हणून निघून गेला. माल बांधून तयार, दोन महिन्यांवर पाऊस, आणि सुकेळ्याला ओल लागली की त्याचं जे होतं त्याला नाव नाही. त्यात आणखी एक पाचर होती. परदेशी माणसाला दर वर्षी पोलिसांकडून राहण्याची मुदत वाढवून घ्यावी लागे, आणि त्या वर्षी साहेबाला स्वच्छ सांगण्यात आलं होतं की माल खरोखर बाहेर गेला तर राहा, नाहीतर बोट पकडा. दुसरा ड्रायव्हर काही मिळेना. तेव्हा साहेबाने स्वतःच जीप चालवायची, म्हणजेच लायसन काढायचं, असं ठरलं.

मी त्या वेळी गावच्या शाळेत नुकताच मास्तर झालो होतो आणि मला इंग्रजी येतं असा घरात गैरसमज होता, म्हणून साहेबाचं दुभाषेपण माझ्याकडे आलं. त्याच्याकडे त्याच्या देशाचं लायसन होतं. वसईच्या कचेरीतल्या कारकुनाने ते उलटंसुलटं करून पाहिलं, फोटोतल्या भरघोस केसांकडे आणि समोरच्या टकलाकडे आळीपाळीने बघितलं, आणि म्हणाला, “हे चालायचं नाही. इथली परीक्षा द्या. आणि वर्तणुकीचा दाखला आणा.” दाखला आमच्या पोलीस पाटलांनी दिला. त्यात लिहिलं होतं की सदर इसम दारू पीत नाही, कोणाशी भांडत नाही, मोठ्याने बोलत नाही, त्यामुळे सुरुवातीला गावात त्याच्याविषयी संशय होता, तो आता राहिलेला नाही.

मोटारींचा इन्स्पेक्टर महिन्यातून एकदा ठाण्याहून वसईला येई. गृहस्थ शांत, सुपारी कातरत बोलणारा. परीक्षेला साहेबाशेजारी तो बसला, मागे मी आणि काका. काकांचं तिथे काही काम नव्हतं, पण ते आले होते. साहेबाने जीप इतकी अलगद काढली की इन्स्पेक्टरच्या हातातली सुपारी हलली नाही. मी मनात म्हटलं, झालं काम. तेवढ्यात पुढे गवताने भरलेली एक बैलगाडी आली. साहेबाने जीपचा वेग बैलांच्या वेगावर आणला आणि गाडीमागून वरातीसारखा चालू लागला. बरीच वाट गेली. इन्स्पेक्टर म्हणाला, “हॉर्न वाजवा.”

“का?” साहेबाने विचारलं. “त्याने काही चूक केली नाही.”

“चूक नाही हो. रस्ता मागायला.”

“रस्ता त्याचा आहे. तो आधी आला. मी मागून आले.”

इन्स्पेक्टरने वळून माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे पाहिलं. काका आभाळाकडे पाहत होते. पुढे एका कोंबडीने रस्ता ओलांडायला घेतला आणि अर्ध्यावर तिचा विचार बदलला. साहेब थांबला. कोंबडी पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. साहेबाने इंजिन बंद केलं. मागे एव्हाना दोन टांगे, एक सायकलवाला आणि पाववाला असा संसार जमा झाला होता, आणि आमच्या सगळ्यांच्या आयाबहिणींचा उद्धार चालू होता. कचेरीशी परत आल्यावर इन्स्पेक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, “मास्तर, गाडी हे उत्तम चालवतात. पण यांना आपल्या रस्त्यावर सोडलं तर हे कुठेही पोचायचे नाहीत. आणि यांच्या मागचेही नाहीत. पुढच्या महिन्यात आणा.”

त्याच्या देशात माणसावर हॉर्न वाजवणं म्हणजे त्याच्या अंगावर ओरडण्यासारखं असतं, असं त्याने मला रात्री जेवताना सांगितलं. त्याने त्या दिवशी वाढलेला भात पहिल्यांदाच पानात टाकला. काकूने काकांकडे पाहिलं. काकांनी भुरका मारला आणि म्हणाले, “ओरडायला मी शिकवतो.”

दुसऱ्या दिवसापासून वाडीतल्या चिंचोळ्या वाटेवर शिकवणी सुरू झाली. काका स्वतः बैलगाडी झाले. ते जीपपुढे डुलत डुलत चालत आणि मान न वळवता ओरडत, “वाजव.” साहेब हॉर्न वाजवी आणि लगेच हॅट उचलून म्हणे, “माफ करा, अहो.” काका पाय आपटत मागे येत. “माफी नाही मागायची. वाजवायचं. आणि वर तोंडानेही बोलायचं. म्हणायचं, ए बाबा, मेलास का?” हे वाक्य साहेबाने मनापासून घोकलं. पण ‘ए’ म्हणणं त्याच्या जिभेला जमेना, आणि एकेरी तर त्याच्या रक्तात नव्हतं. आठवडाभराच्या मेहनतीनंतर त्याच्या तोंडून जे स्वच्छ, स्पष्ट आणि न अडखळता बाहेर पडू लागलं ते असं: “अहो बाबा, आपण मेलात का?” काकांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, “असू दे. हॉर्न तर वाजवतो.”

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. आमच्या पडवीत मालाची बोचकी छपरापर्यंत रचलेली होती आणि काकू त्यांच्यावर गोणपाट टाकत होती. या खेपेलाही साहेब नापास झाला असता तर पुढची परीक्षा पावसात, म्हणजे सगळा हंगाम मातीत आणि साहेब बोटीवर. साहेबाने मात्र सुरुवात झकास केली. टांग्याला वाजवला, म्हशीला वाजवला, रिकाम्या रस्त्यालाही एकदा वाजवला. इन्स्पेक्टरने खुशीत सुपारी तोंडात टाकली. आणि एका वळणावर समोरून सबंध रस्ताभर माणसं येताना दिसली.

मला ते वळण घेतानाच कळलं, पण मी पुढे वाकून साहेबाचा खांदा धरेपर्यंत उशीर झाला. साहेबाने जोरात हॉर्न वाजवला. माणसं थांबली. मग तो जीप थांबवून काचेच्या वर डोकं काढून उभा राहिला आणि अत्यंत आदराने, एकेक अक्षर मोकळं करून म्हणाला, “अहो बाबा, आपण मेलात का?”

सगळ्यांत पुढे एक तरुण हातात मडकं घेऊन उभा होता. उघडं अंग, ओलं धोतर. मागे चौघांच्या खांद्यावर तिरडी. त्याने साहेबाकडे नीट पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “मी नाय. आमचा बापूस.”

त्या क्षणी धरणीने पोटात घ्यावं तर तिने निदान जीपसकट घ्यावं असं मला वाटलं. साहेबाला आधी समजलं नाही. मग तिरडी दिसली. त्याने इंजिन बंद केलं, हॅट काढून सीटवर ठेवली, खाली उतरला आणि त्या मुलापुढे मान खाली घालून उभा राहिला. मुलगा आणि तिरडीवाले जीपला वाट देत बाजूने पुढे निघाले, तसा साहेबही माणसांच्या शेवटी चालू लागला. त्याच्यामागे काका. मग मी. परीक्षा देणाराच गेल्यावर गाडीत एकट्याने बसणं बरं दिसेना, म्हणून तोंडातली सुपारी थुंकून इन्स्पेक्टरही निघाला. मसणवटीत साहेब लाकडं उचलून देऊ लागला आणि कोणी त्याला अडवलं नाही.

परत आलो तर जीप रस्त्याच्या मधोमध होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाहनं खोळंबली होती. साहेब इन्स्पेक्टरला म्हणाला, “मी नापास झाले. मला माहीत आहे.” इन्स्पेक्टरने रुमालाने मान पुसली. “हॉर्न वाजवला,” तो म्हणाला. “रस्ता मागितला. आणि जिथे थांबायला हवं तिथे थांबलात. यापेक्षा जास्त काय बघायचं असतं मला माहीत नाही. पास.” काका हे ऐकून रस्त्याच्या कडेला गेले आणि बराच वेळ उगाच नाक शिंकरत राहिले.

माल पावसाच्या आधी विरारला पोचला आणि साहेबाची मुदत वाढली. पण त्याला लायसनचा आनंद काही होईना. तेराव्यानंतर सुकेळ्यांचं एक बोचकं घेऊन तो मला बरोबर घेऊन त्या मुलाच्या घरी गेला. माफीचं भाषण पाठ करून आला होता, ते मध्येच विसरला. मुलाने आम्हाला बसायला पाट दिले. म्हणाला, “साहेब, बापूस माझा जल्मभर बैलगाडी हाकी. तहसीलदाराच्या मोटारीलाही त्याने कधी वाट दिली नाय. तुमी इचारलं तवा लोक त्याला घेऊन बाजूला झाले. मला वाटलं, आता हा उठून शिव्या घालेल.” तो हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. साहेब उठून त्याच्या शेजारी जमिनीवर बसला आणि आम्ही तिघांनी एकेक सुकेळं खाल्लं.

त्यानंतर काही हंगाम बरे गेले. पण डेन्मार्कच्या लोकांना ते काळं, चिकट फळ खायचं की बुटांना लावायचं, हे शेवटपर्यंत उमगलं नाही. मागणी संपली, तसा एका वर्षी मुदत वाढवायचाही प्रश्न उरला नाही. साहेबाने जीप आमच्याकडे ठेवली. निघायच्या दिवशी काका सकाळपासून बेपत्ता. साहेब दारात उभा राहून वाट बघत राहिला, मग मीच टांगा बोलावला. त्याने काकूच्या पाया पडायचा प्रयत्न केला, तो इतका उंचावरून की मध्येच त्याचा तोल गेला. काकूने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती आत गेली.

त्याला विरार स्टेशनवर सोडून परतलो तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. वाडीच्या कोपऱ्यात जीप उभी होती आणि तिच्यात कोणीतरी बसलेलं दिसलं. जवळ गेलो. काका होते. त्यांनी जन्मात कधी स्टिअरिंगच्या चाकाला हात लावला नव्हता. आता दोन्ही हातांनी ते घट्ट धरून समोर केळीच्या बागेकडे बघत होते.

“काय करताय, काका?” मी विचारलं.

“काही नाही,” ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचं बोलणं ऐकायला मला वाकावं लागलं. “बसलोय जरा.”

मग त्यांनी सरकून शेजारची जागा झटकली आणि मीही चढून बसलो.